सूज कधी येते, हे विचारणाऱ्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार.

आमच्याकडे लोणच्याचे दिवस सुरू झालेत. आज पहाटे अडकित्ता घेऊन बसले आणि दुपारपर्यंत चाळीस किलो कैरी फोडून झाली. जबड्याखाली काही झालं नाही. संध्याकाळी हात धुतले आणि पहिलं हे पत्र लिहायला घेतलं.

मागच्या वर्षी याच दिवसांत कैरीचा नुसता वास आला तरी माझ्या डाव्या जबड्याखाली लिंबाएवढी सूज यायची. पहिला घास तोंडात घातला की आतून कळ यायची. तास-दीड तासात सूज उतरायची, म्हणून मी अंगावर काढत राहिले. मग एके ठिकाणी अक्कलदाढेचं दुखणं म्हणून दाढ काढली. दाढ गेली, सूज राहिली. दुसरीकडे गालफुगी म्हणाले. गोळ्यांचे तीन कोर्स झाले. माझे वडील तोंडाच्या कॅन्सरने गेले. त्यामुळे रात्री झोप येईना, मी अंधारात ती जागा चाचपत बसायची. घरात कोणाला सांगितलं नव्हतं.

तुमच्याकडे आले तेव्हा तुम्ही जुनी फाइल बाजूला ठेवलीत आणि विचारलंत, ‘‘ताई, सूज कधी येते? जेवताना, की दिवसभर असते?’’ आठ महिन्यांत हे मला कोणीही विचारलं नव्हतं. मी कैरीचं सांगितलं आणि तुम्ही लगेच हातमोजे चढवले.

जिभेखालची जागा तुम्ही कापसाने कोरडी केलीत आणि बाहेरून जबड्याखाली हलकेच दाबलंत. आरशात मलाही दाखवलंत. उजवीकडच्या लाळेच्या नळीच्या बारीक तोंडातून पाण्यासारखी लाळ आली, डावीकडे काहीच नाही. मग एक बोट तोंडात, दुसरा हात बाहेरून, असं मागून पुढे चाचपत आलात आणि एका जागी थांबलात. माझंच बोट धरून तिथे टेकवलंत. टणक, खड्यासारखं काहीतरी लागलं. ‘‘खडाच आहे,’’ तुम्ही म्हणालात. मॅडम, मी तिथेच रडले. तुम्ही घाई केली नाहीत.

दाताखाली फिल्म धरून काढलेल्या एक्स-रेत तो पांढरा दिसला, सोनोग्राफीत मापही कळलं. ‘‘सगळेच खडे एक्स-रेत दिसत नाहीत, म्हणून दोन्ही,’’ असं तुम्ही सांगितलंत. लाळेचे बहुतेक खडे, शंभरातले ऐंशीच्या आसपास, जबड्याखालच्या लाळेच्या ग्रंथीतच होतात. तिथली लाळ दाट असते, नळी लांब असते आणि लाळेला खालून वर चढावं लागतं. तिथे क्षार साचत जातात. जेवताना लाळ सुटते, पुढे वाट नसते, म्हणून ग्रंथी फुगते. माझी सूज कैरीच्या वासाने का यायची, ते त्या दोन मिनिटांत उमगलं. खड्याच्या भीतीने मी दूध बंद केलं होतं, तेही तुम्ही पुन्हा सुरू करायला लावलंत.

कॅन्सरचा प्रश्न मी शेवटी, दाराशी उभी राहून विचारला. तुम्ही मला पुन्हा बसवलंत. जेवताना येणारी आणि नंतर उतरणारी सूज बहुधा अडथळ्याची असते; न उतरता वाढत जाणारी कडक गाठ असेल, तर ती न दुखली तरी लगेच दाखवायची, हे तुम्ही नीट समजावलंत. सोनोग्राफीत तसलं काही नाही, हेही अहवालावर बोट ठेवून दाखवलंत. त्या रात्री मी झोपले.

आधी आठ दिवस भरपूर पाणी, गरम शेक, लिंबाची फोड चोखणं आणि मागून पुढे चोळणं. लहान खडा असता तर कदाचित यानेच निघाला असता. माझा ८ मिलिमीटरचा, तो हलला नाही. पण नळीच्या तोंडाजवळ होता. मोठ्या गावी जाऊन ग्रंथीच काढावी लागेल, असं मी धरून चालले होते. तुम्ही म्हणालात, खडा बोटाला लागतोय, खुर्चीवरच काढू. खडा मागे सटकू नये म्हणून त्याच्या मागून दोरा घातलात. जिभेची नस त्या नळीला वेढा घालून जाते, म्हणून प्रत्येक पायरीला मला सांगून, जपून हात चालवलात. खडा निघाला तशी साचलेली लाळ भसकन आली. भूल उतरल्यावर जिभेच्या टोकाला कापूस लावून ‘‘कळतंय का?’’ असं दोनदा विचारलंत. कळत होतं. वाट मोकळी राहावी म्हणून जखम घट्ट शिवली नाहीत. चार दिवस जीभ जड होती, इतकंच.

खडा मी कुंकवाच्या रिकाम्या डबीत ठेवलाय. पिवळट, खरखरीत, जाड तांदळाच्या दाण्यासारखा. शेजारच्या वहिनींना जेवताना गालाखाली सूज येते असं कळलं, तेव्हा त्यांना तोच दाखवला. पुढच्या मंगळवारी त्यांना तुमच्याकडे घेऊन येतेय.

येताना एक बरणी आणीन. तुम्ही काही घेत नाही, हे ठाऊक आहे. पण ही याच वर्षीच्या कैरीची आहे, आणि फोडताना मी एकदाही थांबले नाही. एवढी घ्याच.

तुमची,
लोणच्याच्या ताई