मावशी, तुमच्या त्या नऊ रात्रींसाठी

आदरणीय मावशी,

प्रभूच्या नावाने सलाम.

ह्यांना घरी आणून आज अकरा दिवस झाले. उजवा हात अजून उचलत नाही, बोलताना शब्द अडखळतात. तरीही हे पत्र आणखी लांबणीवर टाकवत नाही, कारण मार्चमधल्या त्या १७ रात्रींपैकी नऊ रात्री तुम्ही सदरहून ऑटोने येऊन अतिदक्षता विभागाबाहेरच्या लोखंडी बाकावर माझ्या शेजारी बसलात आणि मी साधे आभारही मानले नाहीत.

भेटायला पुष्कळ जण आले आणि ‘विश्वास धरा’ असे सांगून घड्याळ पाहत निघून गेले. मंडळीतल्या एका बंधूंनी तर घरात काही पाप दडले आहे का, याची चौकशी केली. बायबलमधल्या, संकटात सापडलेल्या ईयोबाचे मित्र निदान सात दिवस आणि सात रात्री त्याच्यापाशी जमिनीवर गप्प बसले होते. त्यांचे बिघडले ते तोंड उघडल्यावर.

तुम्ही पिशवीतून काटोलचे संत्रे काढले, सोलले, एका फोडीवरच्या पांढऱ्या शिरा नखाने हलकेच काढल्या आणि ती माझ्या तळहातावर ठेवली. ‘खा’ म्हणाला नाहीत. दोन दिवस माझ्या घशाखाली काही उतरत नव्हते. ती फोड मी तासभर तशीच धरून बसले होते आणि तेवढा वेळ उरलेले संत्रे तुमच्या ओच्यात तसेच होते. माझी फोड संपेपर्यंत तुम्ही दुसरी पुढे केली नाहीत.

तोवर मी देवाला मुदती घालत होते: उद्या सकाळपर्यंत शुद्ध येऊ दे, रविवारपर्यंत नळी निघू दे. तुम्ही हळू आवाजात बायबलमधले १३० वे स्तोत्र वाचलेत. त्यात पहाटेची वाट पाहणारे पहारेकरी लागोपाठ दोनदा येतात. तेच दोनदा का, असे मी विचारले, तर म्हणालात, “रात्र मोठी असते नं, म्हणून.”

मग तुमच्या यजमानांच्या संत्र्याच्या बागेचे सांगितलेत. मृग बहारासाठी, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाशी येणाऱ्या फुलोऱ्यासाठी, उन्हाळ्यात पाणी तोडून झाडांना ताण देतात, पाने कोमेजतात, जाणारा-येणारा ‘झाडे मारता काय’ म्हणून विचारतो. ताण कमी पडला तर फूल धरत नाही, जास्त झाला तर फांद्या वाळतात. मग कळते कसे? “रोज जाऊन पानं बघायची.” त्या रात्रीपासून माझी प्रार्थना बदलली. पापणी हलली, ताप उतरला, आज काहीच नाही, असे जे दिसेल तेवढेच मी देवापुढे मांडू लागले.

आपला मित्र लाजर आजारी असल्याचे कळूनही प्रभू येशू होते तिथेच आणखी दोन दिवस राहिले, याचा माझा राग अजून पुरता गेलेला नाही. तुम्ही तो घालवायच्या खटपटीत पडला नाहीत, याचे वेगळे आभार.

काल ह्यांनी डाव्या हाताने संत्र्याची एक फोड सुटी केली. अर्धा तास लागला. मी मध्ये हात घातला नाही.

तुमची कृतज्ञ,
मंडळीतली एक बहीण, नागपूर