बाई, त्या चिठ्ठ्यांसाठी

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

परवा आमच्या भाच्याने चौथीच्या वर्गात उभं राहून धड्यातल्या चार ओळी मोठ्याने वाचल्या. हे सांगताना त्याच्या आईचा गळा दाटून आला. तुमचे आभार चारचौघांत मानावेत, म्हणून हे पत्र.

याच मुलाला आधीच्या शाळेने ‘मठ्ठ’ म्हणून शेवटच्या बाकावर बसवलं होतं. चुकला की दहा वेळा लिहून आण. तो चुकीचंच दहा वेळा लिहायचा आणि चूक हातात पक्की बसायची. शिक्षण हक्क कायद्याचं १७वं कलम मानसिक छळालाही मनाई करतं. अध्ययन अक्षमता, म्हणजे बुद्धी असूनही वाचन-लेखन जड जाणं, २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात नावानिशी आहे. एवढी फी घेणाऱ्यांनी एवढं तरी वाचायला हवं होतं.

तुम्ही महानगरपालिकेच्या भरल्या वर्गात पहिल्यांदा त्याचे डोळे आणि कान तपासून घ्यायला लावलेत. मग हजेरीपट काढलात. त्याच्या दांड्या प्रकट वाचनाच्या दिवशीच पडत होत्या. शाळा सोडणारं मूल असंच आधी एकेका दिवसाने सुटत जातं, आणि ते कुणी बघत नाही.

तो गुजराती माध्यमातून मराठीत आलेला. गुजराती अक्षरांना शिरोरेघ नसते. आणि मराठीत घ-ध, म-भ, य-थ या जोड्यांमधला एक ठळक फरक शिरोरेघेत आहे, ध, भ, थ यांची रेघ डोक्यावर तुटलेली असते. ज्या डोळ्यांना रेघेचीच सवय नाही त्यांना तिच्यातली फट दिसणार कशी? त्याच्या अध्ययन अक्षमतेवर आणखी हा लिपीचा घोळ. तुम्ही जुळी अक्षरं एका दिवशी शिकवलीच नाहीत. ‘म’ पक्का झाल्यावर तीन आठवड्यांनी ‘भ’. ताटात रवा पसरून, तोंडाने उच्चार करत बोटाने अक्षर, शिरोरेघ सगळ्यात शेवटी, आणि ‘भ’च्या फटीपाशी बोट उचलायचं. रोज दहा मिनिटं, प्रार्थनेच्या आधी. शाळा सुटल्यावर थांबवलं असतं तर पोरांना ती शिक्षा वाटली असती. पुस्तकावर ठेवायला पुठ्ठ्याची खिडकी, एका वेळी एकच ओळ दिसेल अशी.

पण बाई, मुलगा परत आला तो तुमच्या चिठ्ठीने. वाचनाच्या आदल्या दिवशी शाळा सुटताना तुम्ही त्याच्या वहीत घडी घातलेला कागद ठेवायचात. त्यावर उद्याच्या चार ओळी, टपोऱ्या अक्षरात, शब्दाशब्दांत मोकळी जागा. रात्री घरी सराव, आणि सकाळी त्याची पाळी बरोबर त्याच ओळींवर. वर्गात कुणालाही पत्ता नाही. सयाजीरावांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. मूल त्यामुळे वर्गापर्यंत येतं. तिथे त्याची लाज राखायला मात्र तुमच्यासारखं माणूसच लागतं. अशी माणसं आपल्या बडोद्यात आहेत, सरकारी पगारावर, गाजावाजा न करता, हे लोकांना कळायला हवं.

परवाच्या ओळींची चिठ्ठी तुम्ही दिली नव्हतीत, असं तो सांगतो. आधीच्या सगळ्या चिठ्ठ्या आईने गव्हाच्या डब्यामागे एका पाकिटात ठेवल्या आहेत.

तुमची ऋणी,
त्याची मावशी
दांडिया बाजार, बडोदे