ईगलवर सोनं नाहीच गड्या

प्रिय गड्या,

तू परवा फोनवर विचारलं ईगल, म्हणजे अपोलो ११ चं चंद्रावर उतरलेलं यान, त्याचं मॉडेल कुठवर आलं, अन् मी नुसतं चालू आहे म्हणून फोन ठेवून दिला, कारण समोर माणूस विहिरीतली जळालेली सबमर्सिबल मोटर घेऊन उभा होता आणि ही गोष्ट काही दोन मिनिटांत सांगून होण्यासारखी नाही. म्हणून पत्र लिहून राहिलो. लांबेल, चहा घेऊनच बस.

पावसाळ्यात आपल्या धंद्याला मंदीच राहते हे तुला माहीतच आहे. विहिरी भरलेल्या, वावरात पाणी साचलेलं, कोणाची मोटर चालूच नाही तर जळेल कशी. दसरा झाला, हरभऱ्याचं ओलीत सुरू झालं की मग जेवायला फुरसत नाही, म्हणून तू पाठवलेली किट मी पोळ्याच्या आधीच उघडली आणि दुकानातल्या मागच्या टेबलावर मांडली. मोटरच्या वाइंडिंगचं सामान पुढं, ईगल मागं. गिऱ्हाईक येते, मोटर ठेवते अन् पहिले मागं जाऊन पाहते की आज काय नवीन लागलं. परवा एक म्हातारबा अर्धा तास नुसते स्टुलावर बसून पाहत होते, जाताना म्हणाले, "याच्यातच बसून गेलते का ते दोघं? अन् आलेपण वापस?" म्हटलं हो आजोबा, आले वापस. फार समाधान वाटलं त्यांना.

किट १:४८ ची आहे, म्हणजे खऱ्याच्या अठ्ठेचाळीस पट लहान. खरं यान ७ मीटर उंच, म्हणजे आपल्या टेबलावर साडेचौदा सेंटीमीटर. पाय पसरलेले तिरपे मोजले तर खऱ्यात ९.४ मीटर, आपल्याकडं वीसला थोडं कमी. जोडणीबद्दल जास्त लिहीत नाही, फ्रेममधून पार्ट कापायचे, कडेची शीर ब्लेडनं खरवडायची, बारीक वॉटर पेपर पाण्यात भिजवून फिरवायचा, प्लॅस्टिक चिकटवायचं पातळ सोल्युशन ब्रशनं सांध्यात सोडायचं, ते आपोआप आत ओढलं जाते. हे काम हाताला सवय असलेल्या माणसाला जड नाही. खरी मजा तिथून पुढं आहे.

पोरगी नववीत आहे माझी, तिनं सांगाडा उभा राहिल्यावर पाहिला आणि विचारलं, "बाबा, हे इतकं वाकडंतिकडं काऊन केलं त्यांनी?" आणि गड्या या एका प्रश्नावर मी कितीतरी रात्री वाचून काढल्या. हे यान हवेत उडायसाठी बनवलेलंच नाही. रॉकेटच्या आत बंद होऊन वर गेलं, उघडलं ते अंतराळात, तिथं ना वारा ना पाऊस, मग निमुळतं टोक कशाला पाहिजे? पृथ्वीवर परत यायचं त्याला कामच नव्हतं, म्हणून पृथ्वीच्या हवेत शिरतानाच्या उष्णतेपासून वाचायचं कवचपण नाही. जिथं टाकी लागली तिथं टाकी, जिथं खिडकी लागली तिथं खिडकी. वरच्या भागाला एका बाजूनं गाल जास्त फुगलेला आहे, मला आधी वाटलं साचाच तसा आला असेल. तसं नाही. वर चढायच्या इंजिनाला दोन द्रव लागायचे, एक इंधन आणि एक ते जाळणारं, दोघं एकमेकाला भेटले की ठिणगीशिवाय पेट घ्यायचे, पण वजन दोघांचं सारखं नाही. हलक्याची टाकी मधल्या रेषेपासून लांब नेली, जडाची जवळ ठेवली, अन् यानाचा तोल मध्यावर आणला. आठवीतला तरफेचा नियम, बस. पोरीला फूटपट्टी अन् दोन नटबोल्ट घेऊन दाखवलं, तेव्हापासून तो गाल तिचा आवडता.

वजनाची तर अशी काटकसर आहे की वाचून मान खाली जाते. इंधन भरून यान १५ टनांच्या आसपास, त्यातलं दोन तृतीयांशाच्या वर नुसतं इंधनच. सुरुवातीच्या नकाशात आत खुर्च्या होत्या आणि मोठ्या खिडक्या होत्या, त्या काढून टाकल्या, कारण उभा माणूस काचेला चेहरा लावून पाहू शकते, मग खिडकी छोटी तिकोनी चालते, काच जड असते. म्हणजे आर्मस्ट्राँग आणि आल्ड्रिन २० जुलै १९६९ ला चंद्रावर उतरले ते उभ्या उभ्या, कमरेला दोर बांधून. आणि केबिनचा पत्रा जिथं सगळ्यात पातळ आहे तिथं ०.३ मिलिमीटर. आपण मोटरच्या स्लॉटमध्ये, म्हणजे तार बसते त्या खाचेत, जो जाडवाला इन्सुलेशन पेपर घालतो ना, साधारण तेवढाच! मी तो पेपर बोटात धरून किती वेळ बसलो सांगता येत नाही.

आता रंगाचं सांगतो, याच्यासाठीच खरं तर पत्र लिहायला घेतलं. डब्यावरच्या चित्रात खालचा अर्धा भाग सगळा सोनेरी चकचकीत, अन् सोबतच्या कागदावरपण तेच, सोनेरी रंग मारा. मी मारला नाही. नासाचे त्या दिवशीचे फोटो कोणालाही पाहायला मिळतात, ते मोबाईलवर मोठे करून एकेक फळी पाहिली. कुठं काळं आहे, कुठं चांदीसारखं, कुठं नारिंगी, पायांवर काळे-नारिंगी पट्टे गुंडाळलेले, आणि वरचा भाग तर सोनेरी नाहीच, राखाडी पत्रा अन् काळे चौकोन. सोनं कुठंच नाही गड्या. जे सोन्यासारखं दिसते ती कॅप्टॉन नावाच्या प्लॅस्टिकची फिल्म आहे, आपल्याकडं वाइंडिंगला जो कॅप्टॉन टेप येते तीच जात. कॅप्टॉन मुळातच पिवळट-नारिंगी अन् पारदर्शक, त्याच्या मागच्या अंगाला अॅल्युमिनियमचा बारीक थर बसवलेला. ऊन पिवळ्यातून आत जाते, अॅल्युमिनियमवर आपटून पिवळ्यातूनच बाहेर येते, आपल्याला वाटते सोनं. आतल्या थरात मायलर, तीपण प्लॅस्टिकची फिल्मच, म्हणजे वाइंडिंगमधला आपला मिलिनेक्सच समज. असे पंचवीसेक थर एकावर एक, आणि ते मुद्दाम हातानं चुरगळलेले! कारण तिथं हवा नाही, उष्णता जाईल तर एका थराला दुसरा टेकल्यामुळं किंवा किरणांनी. चुरगळलं की थर टोकाटोकाला टेकतात, सपाट चिकटत नाहीत. म्हणजे ज्या सुरकुत्या पाहून लोक म्हणतात हे काय गबाळ्यासारखं गुंडाळलं, त्या सुरकुत्यांनीच आतलं सगळं वाचवलं.

हे कळल्यावर मग सोनेरी डबी उघडायचा प्रश्नच नव्हता. जसं खऱ्यात केलं तसंच करायचं, मागं अॅल्युमिनियम, वर पारदर्शक रंग. चॉकलेटच्या आतली चांदी घेतली, जेवण बांधायचं फॉइल याला चालत नाही, त्याच्या सुरकुत्या १:४८ ला फार मोठ्या दिसतात. चांदी चुरगळायची, बोटानं अर्धवट सरळ करायची, पातळ फेव्हिकॉलवर बसवायची, कडा लाकडाच्या टोकदार काडीनं दाबायच्या. वाळली की वरून पारदर्शक पिवळा एक हात, अन् नारिंगी फक्त जिथं फोटोत गडद आहे तिथं. गड्या, पहिली फळी वाळल्यावर ट्यूबलाइट बंद केली आणि दारातून येणाऱ्या उन्हात धरली, तर रंग असा आतून पेटला की घरचीला हाक मारून बोलावलं. ती म्हणाली, हे तर खरंच वाटून राहिलं. डबीतला सोनेरी रंग जन्मात असं करू शकत नाही, तो प्रकाश वरच्यावर अडवते, आत जाऊच देत नाही.

काळा मारताना मात्र आपल्या सुतारकाकांचा सल्ला कामी आला, ते तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल रंगवतात ते. बैलाच्या डोळ्याची पापणी काढणारा हात आहे तो. त्यांनी तुकडा उजेडाकडं तिरपा धरला, नखानं रेघांवरून फिरवलं अन् म्हणाले, "रंग असा मार का खालची नक्षी मेली नाही पायजे. पातय कर. तीनदा मार पन पातयच मार." तसंच केलं. पावसाळी हवेत वाळायला उशीर लागते हे खरं, पण उन्हाळ्यात आपल्याकडं पंचेचाळीसमध्ये कूलरसमोर स्प्रे मारून पाहा, रंग हवेतच वाळून भुकटी होऊन बसते. भादवाच बरा.

पायाखाली ज्या लांब काड्या असतात त्या किटच्या वापरल्या नाहीत, जाड वाटल्या. खऱ्या काड्या १.७ मीटरच्या, चंद्राला टेकल्या की आत दिवा लागायचा, म्हणजे आता इंजिन बंद करा. आपल्या मापात साडेतीन सेंटीमीटर. वाइंडिंगची २६ गेजची तार सरळ ताणून लावली, तीनच पायांना, शिडीच्या पायाला ईगलवर काडी नव्हती, उतरताना पायात येऊ नये म्हणून. आणि मी यान उतरलेलं दाखवून राहिलो म्हणून तिन्ही वाकवल्या.

तारेवरून आठवलं, हे तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही. यानातल्या कॉम्प्युटरचा प्रोग्राम तारेनं विणलेला होता! खरंच विणलेला. मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्थमला रेथिऑनच्या कारखान्यात बाया बसून बारीक तांब्याची तार छोट्या गोल कोअरमधून, म्हणजे चुंबकीय कड्यांमधून, सुईनं ओवायच्या. तार कोअरच्या आतून गेली तर एक, बाहेरून गेली तर शून्य. असे ३६,८६४ शब्द, म्हणजे कॉम्प्युटरच्या भाषेतले एक-शून्यांचे गट, अन् एकदा ओवलं की बदल नाही. मी तेवीस स्लॉटनंतर चोविसाव्यात तार घालताना मोजून पाहतो, मला ते काम काय आहे हे बोटांनी समजते. चंद्रावर जाणाऱ्यांची नावं सगळ्या पोरांना पाठ आहेत, त्या ओवणाऱ्या बायांचं नाव एकाही पुस्तकात मला सापडलं नाही, याचं मनापासून वाईट वाटते. फॉइल चुरगळून लावणारे, शिवणारे, ओवणारे, हे आपल्यासारखेच हातावर काम करणारे लोक होते, यान जिथं बनलं त्या लाँग आयलंडच्या ग्रुमन कारखान्यात तर हजारोंनी, आणि मॉडेल बनवताना माणूस नेमका त्यांच्याच जागी बसते, अंतराळवीराच्या जागी नाही. तू विचारलं होतं ना या वयात हे काऊन, तर यासाठी.

अजून एक, ब्रेकरची गोष्ट. परत निघायच्या आधी लक्षात आलं की वर चढायचं इंजिन चालू करायला जो सर्किट ब्रेकर दाबायचा त्याची मुंडीच तुटून पडली आहे, आत वावरताना पाठीवरच्या पेटीचा धक्का लागला असेल. आल्ड्रिननं स्केचपेनचं टोक घालून तो दाबला आणि बसला. तिथं ना दुकान ना मेकॅनिक. मी हे वाचलं त्या दिवशी स्टार्टरच्या डब्यातले सगळे ब्रेकर एकदा दाबून पाहिले, सांगतो तुला.

खालची जमीन कशाची केली ओळख. गिट्टी खदानीवरची चुरी! पीओपीवर खड्डे पाडले अन् ओलं असतानाच वरून मैद्याच्या चाळणीनं चुरी सोडली. शांतिसागर म्हणतात ती जागा म्हणजे जुन्या लाव्ह्याचं मैदान, बेसॉल्ट. आपल्या जिल्ह्याखालचा काळा दगडपण बेसॉल्टच, फक्त आपला साडेसहा कोटी वर्षांचा आणि तिथला साडेतीनशे कोटींच्या वर. आणि आपलं लोणार! उल्का पडून बेसॉल्टमध्ये झालेला साधारण १.८ किलोमीटर रुंद खड्डा, चंद्राच्या खड्ड्यांचा अभ्यास करणारे त्याच्यासाठी तिथवर येतात. शाळेच्या सहलीत आपण तिथं डबे खाल्ले, कोणी हे सांगितलं असतं तर! पोरीला दिवाळीनंतर नेतो, तू पण चल. चुरी थोडी निळसर दिसते, तिच्यात चुलीची राख अन् जरासा तपकिरी रंग मिसळला, आता फोटोशी जुळून राहिली. इंजिनखाली मात्र खड्डा केला नाही, फोटोत नाही तर मी कुठून आणू, तिथं फक्त धूळ बाहेरच्या दिशेनं झाडल्यासारखी ब्रशनं ओढली.

राहिलं काय तर शिडी, झेंडा आणि स्टिकर. शिडीची शेवटची पायरी जमिनीपासून बरीच वर राहते, ती चूक समजू नको. पायांच्या आत अॅल्युमिनियमची जाळी होती, उतरताना दबून पाय आखूड होतील असा हिशेब होता, पण आर्मस्ट्राँगनं इतकं अलगद उतरवलं की ती फारशी दबलीच नाही, म्हणून शेवटी उडी मारूनच उतरावं लागलं. मी पाय लांबच ठेवले.

आता तुझं काम. दिवाळीला येताना ०.३ मिलिमीटरची ड्रिल बिट दोन-तीन आण, आपल्या तालुक्यात मिळत नाही, यवतमाळातपण विचारलं. स्टिकर बसवायचं ते मऊ करणारं पाणी येते, ते एक बाटली. आणि पुढच्या वर्षासाठी सोयुझ टी-११ ची किट कुठं मिळते का पाहा, राकेश शर्मा ३ एप्रिल १९८४ ला अंतराळात गेले ते रशियन यान. तेच नेमकं नाही मिळालं तर दुसरी सोयुझ चालेल, बदल काय आहेत ते मी फोटो पाहून करतो. पण माप १:४८ च पाहिजे, नाहीतर दोन्ही शेजारी ठेवले तर लहानमोठं काही कळणार नाही.

वहिनींना नमस्कार सांग, पोरांना आशीर्वाद. काका-काकूंची तब्येत कळव.

तुझाच,
मोटरवाला