टेन्शन घेऊ नका!

महोदय,

कालच्या आरोग्य पुरवणीतला ताण आणि त्वचारोगांवरचा लेख वाचला आणि रात्री झोप लागली नाही. म्हणजे लेखिकेच्या हिशेबाने आज माझे चट्टे वाढायला हवेत.

ताणाचा त्वचेशी संबंध आहे, हे मला कुणी पटवायला नको. 11 वर्षं सोरायसिस, म्हणजे कोंडा सुटणारे चट्टे, अंगावर वागवतोय. ताण वाढला की खाज वाढते, खाजवलं की नेमका तिथेच नवा चट्टा उठतो. मान्य. पण मधली 3 वर्षं अशी गेली की काळा शर्ट कपाटातून बाहेर काढायची सोय नव्हती. डॉक्टर दर वेळी हाताचे कोपर बघायचे आणि चिठ्ठी लिहिता लिहिता म्हणायचे, "टेन्शन घेऊ नका." घरीही तेच. खांद्यावर जरा कोंडा दिसला की, "पुन्हा कसला विचार करत बसलात?" आजारही माझा आणि आरोपीही मीच!

शेवटी दुसऱ्या एका डॉक्टरबाईंनी साधा प्रश्न विचारला, "आणखी कुठल्या गोळ्या चालू आहेत?" रक्तदाबाची गोळी बीटा-ब्लॉकर निघाली. या गोळ्यांनी सोरायसिस चाळवू शकतो. रक्तदाबाच्या डॉक्टरांशी बोलून त्यांनी ती बदलून घेतली आणि काही महिन्यांत चट्टे ओसरले. टेन्शन होतं तेवढंच होतं.

लेखात ध्यानाच्या ज्या प्रयोगाचं कौतुक आहे, तो 1998 मधला, अमेरिकेतले ध्यानाचे संशोधक जॉन कबाट-झिन यांचाच असावा. ध्यानाच्या सूचनांची टेप ऐकणाऱ्यांचे चट्टे लवकर गेले, खरं आहे. पण त्यातले सगळे 37 रुग्ण, टेप ऐकणारे आणि न ऐकणारेही, प्रकाशोपचार, म्हणजे त्वचेवर अतिनील किरणांचा उपचार, घेत होते. औषधपाणी सोडून नुसतं डोळे मिटून बसलेलं त्यात कुणी नव्हतं. एवढं सांगायला लेखात एक ओळ शिल्लक नव्हती बहुतेक.

जागा मात्र लेखाखालच्या जाहिरातीला ऐसपैस मिळाली. 'सोरायसिसचा मुळासकट नायनाट' म्हणे! हा आजार आटोक्यात ठेवता येतो, मुळासकट उपटता येत नाही, हे आपल्या जाहिरात विभागाला कृपया कळवावं. आणि लेखासोबत त्या नितळ गालांच्या हसऱ्या मुलीचा फोटो कशासाठी होता? तिला काय झालंय?

आपला,
एक टेन्शनवाला वाचक