आधी माळ्यावर जा

कोल्हापूर,
१८ ऑगस्ट

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. शाळेच्या ग्रंथालयातली पुस्तकं कधीच परत न करणारा माणूस वाचनालयाचा विश्वस्त झाला, हे वाचून घरात सगळ्यांची करमणूक झाली. असो. देणगीच्या पैशातून काचेचं कपाट घ्यावं की फाटलेलं तैलचित्र दुरुस्त करून घ्यावं, असं विचारलंयस. मला विचारशील तर दोन्ही नको, निदान या वर्षी तरी नको.

सध्या इथल्या एका जुन्या संस्थेचा संग्रह तपासतोय. मोडी कागदांचे रुमाल (म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे), संस्थानकाळातले फोटो, काही चित्रं, तलवारी आणि पैलवानांनी दिलेल्या गदा. कशाला कशापासून धोका आहे आणि हातातला पैसा आधी कुठं लावायचा, एवढंच मला सांगायचंय. दुरुस्ती माझ्याकडं नाही. कार्यवाह मला थेट तलवारींपाशी घेऊन निघाले. मी म्हटलं, आधी माळ्यावर जाऊ.

हे काम भर पावसात करावं. उन्हाळ्यात कुठलीही इमारत धडधाकटच दिसते. माळ्यावर पश्चिमेकडची कौलं सरकलेली, पन्हळीत पिंपळाचं रोप, आणि बरोबर त्याच्या खाली, बाहेरच्या भिंतीला चिकटवून रुमालांची कपाटं. भिंतीला हात लावला तर गार, ओलसर. आर्द्रतामापक ठेवला तर काटा ८० टक्क्यांच्या खाली यायला तयार नाही. ६५ च्या वर बरेच दिवस राहिलं की बुरशी धरायला लागते.

आता यातली गंमत ऐक. हे रुमाल पूर्वी तळमजल्यावर होते. २०१९ ला आणि पुन्हा २०२१ ला पंचगंगा राजाराम बंधाऱ्यापाशी ५५ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी ४३ फूट असताना. धसका घेऊन मंडळींनी सगळं वर नेलं. योग्यच केलं. पण पुरापासून वाचवलेले कागद गळक्या कौलांखाली जाऊन बसले, आणि वर नेलं म्हणून सगळे निर्धास्त.

असल्या ठिकाणी गुण मांडायची एक पद्धत मला फार उपयोगी पडते. धोका किती वेळा किंवा किती वेगानं येतो, आला तर वस्तूचं मोल किती जातं, आणि संग्रहाच्या किती भागाला त्याची झळ लागते. प्रत्येकाला पाचपैकी गुण, बेरीज पंधरापैकी. कार्यवाहांना समोर बसवून मांडलं. सामान वर गेल्यामुळं पुराचा आकडा खाली आला आणि गळती सगळ्यात वर गेली. ते बराच वेळ कागदाकडं बघत होते. मग म्हणाले, "म्हणजे गवंडीच बोलवायचा?" होय, गवंडीच. आणि कपाटं भिंतीपासून वीतभर पुढं ओढायची, मागून वारा खेळला पाहिजे.

त्यांना एसी हवा होता. दहा ते पाच चालवून रात्री बंद ठेवणार. त्यानं दिवसा हवा कोरडी, रात्री पुन्हा दमट, म्हणजे कागद रोज ताणायचा आणि रोज सादळायचा. त्यापेक्षा नसलेला बरा.

मोडीची जुनी शाई काजळीची. उजेडानं ती फिकी होत नाही, पण पाणी लागलं की पसरते. साहेबी काळातल्या पत्रांची शाई वेगळी, लोहाची. ती आम्ल होऊन कागदच खात जाते, अक्षरांच्या जागी भोकं पडतात. वर्तमानपत्रांचा लगद्याचा कागद तर आपला आपणच पिवळा पडून मोडतो. तेव्हा "जुने कागद" असा एकच गठ्ठा समजू नकोस. रुमाल बदलायचे असतील तर कोरं मांजरपाट आण, पण धुऊन खळ काढल्याशिवाय वापरू नकोस, कसरीला खळ फार आवडते. कडुनिंबाचा पाला थेट कागदात घालू नकोस, डाग उठतात.

उजेडाचं थोडक्यात सांगतो: त्यानं झालेलं नुकसान साठत जातं, भरून येत नाही. चित्रकार आबालाल रहमान यांच्या या गावातसुद्धा लोक जलरंगातलं चित्र हौसेनं खिडकीसमोर टांगतात. जलरंगाला ५० लक्स (उजेड मोजायचं एकक), म्हणजे अगदी मंद उजेड, पुरे.

तलवारींचं दुखणं निराळंच निघालं. दर खंडेनवमीला उत्साही पोरं लिंबू-चिंचेनं घासतात. मुठीवरचं कोफ्तगारीचं, म्हणजे पोलादावर ठोकून बसवलेल्या तारेच्या नक्षीचं, सोनं निम्मं गेलंय. पूजा बंद करा असं मी सांगणार नाही, सांगितलं तर कोण ऐकणार? घासू नका आणि हळद-कुंकू ताम्हनात वाहा, एवढं त्यांनी मान्य केलंय.

पण माझी झोप उडवली ती नोंदवहीनं. वह्या तीन, तिन्हींत क्रमांकांची पद्धत वेगळी, आणि रंगकामाच्या वेळी निम्म्या चिठ्ठ्या गळून पडलेल्या. कोणत्या फोटोत महाराजांच्या शेजारी कोण उभं आहे, कोणती गदा कुणाच्या घरून आली, हे फक्त संस्थेतल्या जुन्या शिपायांना माहीत. सगळे त्यांना मामा म्हणतात. मामा मार्चमध्ये निवृत्त होणार. टाऊन हॉलच्या संग्रहालयातला पॉसिडॉन, तो ग्रीकांचा समुद्रदेव, आठवतो ना, सहलीत बघितलेला? तो इथल्याच ब्रह्मपुरी टेकडीवर सापडला ही नोंद आहे म्हणून तो रोमन व्यापाराचा पुरावा. नोंद नसती तर कांस्याची एक छोटी मूर्ती. वाळवी एक रुमाल खाईल. मामा गेले तर वस्तू सगळ्या राहतील आणि त्या कुणाच्या, कुठल्या, हे सांगायला कुणी नसेल. अहवालात पहिली ओळ हीच लिहिली: रोज तासभर मामांशेजारी वही घेऊन एका मुलाला बसवा. याला खर्च जवळजवळ नाही, म्हणून सभेत ती ओळ कुणाला फारशी भावली नाही. तरी एक मुलगी बसायला लागलीय. मामा तिला आधी चहा सांगायला पाठवतात, मग बोलतात.

तर तू काय कर, पाऊस आहे तोवर छपराचे, पन्हळीचे आणि कपाटांमागच्या भिंतीचे फोटो काढून पाठव. उंदराच्या लेंड्या, भुसा, पांढरी पूड दिसली तर तीही झाडायच्या आधी टिपून घे. आणि तुमच्याकडं मामांसारखं कोण आहे ते शोध. देणगीदारांना मात्र सांभाळून सांग. कौलांवर आपलं नाव कोरता येत नाही, त्यामुळं ते खट्टू होणार हे नक्की.

माझा आर्द्रतामापक सप्टेंबरअखेर मोकळा होईल, तेव्हा घेऊन ये-जा करणारं कुणी असेल तर कळव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
विजय