साठीनंतर धावताना

जानेवारीतली मुंबई मॅरेथॉन जवळ आली की शिवाजी पार्कभोवती साठी ओलांडलेले धावपटू वाढतात. कौतुकच आहे; पण टाच धरून लंगडणारेही दिसतात. दम सरावाने परत येतो, पोटरीला टाचेशी जोडणारी टाचेमागची शीर (घोटशीर नव्हे, घोडशीर) दुखावली की मात्र भरून यायला या वयात महिने लागतात. चार दिवस पाय शेकायचे आणि पाचव्या दिवशी थेट वरळी सी-फेस गाठायचा, हा हट्ट कशाला? जिन्याच्या पायरीवर चवडे टेकवून टाचा सावकाश वर-खाली करणे कंटाळवाणे खरे, पण पोटऱ्या त्यानेच बळकट होतात. शर्यतीसाठी महागडे बूट आणून देणाऱ्या मुलांनी आईबाबांना आधी फिजिओथेरपिस्टकडे न्यावे. आणि पालिकेने उद्यानांत पेव्हर ब्लॉकशेजारी मातीची एक पट्टी तरी मोकळी ठेवावी.

— एक ज्येष्ठ वाचक, दादर