पालिका क्षेत्रातही प्रभागसभा हवी

माननीय संपादक,

माझे निम्मे आयुष्य पंचायतीच्या गावात आणि निम्मे नगरपालिकेच्या प्रभागात गेले. गावात रविवारच्या ग्रामसभेला ओहोळातल्या गाळापासून नव्या बांधकामाच्या परवान्यापर्यंत कोणत्याही विषयावर कोणीही उठून सरपंचाला जाब विचारत असे. उत्तर पटेलच याची खात्री नसे, पुष्कळदा आवाजही चढत, तरी प्रश्न इतिवृत्तात नोंदला जाई. शहरात आल्यापासून घरपट्टी मात्र वेळच्या वेळी भरतो. प्रश्न विचारायचा तर नगरसेवकाच्या घरी जावे लागते, आणि तिथे आपण नागरिक कमी व याचक अधिक ठरतो.

यंदाचाच अनुभव सांगतो. शेजारच्या आजींना दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेसाठी, म्हणजे वृद्धांना दरमहा अर्थसाहाय्य देणाऱ्या गोवा सरकारच्या योजनेसाठी, हयातीचा दाखला द्यायचा होता. योजना समाजकल्याण खात्याची, पण वृद्ध माणूस आधी पालिकेतच जाणार. तिथल्या खिडकीवर ‘हे काम इथले नव्हे’ एवढेच सांगून त्यांना परत पाठवले. पुढे मी घरपट्टी भरायला गेलो, तेव्हा पहिल्या मजल्यावरच्या काचेच्या फलकात, निविदेच्या कागदाखाली अर्धी झाकलेली सूचना दिसली: आमच्याच प्रभागातल्या सभागृहात हे दाखले स्वीकारण्याचे शिबिर ठेवले होते. ते होऊन आठ दिवस झाले होते. सूचना फक्त इंग्रजीत होती. 1987 च्या राजभाषा कायद्याने कोकणीला राजभाषेचा दर्जा दिला आणि मराठीच्या शासकीय वापराचीही तरतूद केली, हे त्या फलकापर्यंत पोहोचलेले दिसत नाही.

चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या बंधनकारक केल्या त्या तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकवस्तीच्या शहरांत. 2011 च्या जनगणनेत गोव्यातील एकाही पालिकेची लोकसंख्या लाखापर्यंत पोहोचली नव्हती, त्यामुळे ही सक्ती आपल्या पालिकांना लागूच होत नाही. त्याच जनगणनेनुसार राज्यातील सुमारे 62 टक्के लोक नागरी भागात राहतात. अर्थात त्यात शहराचे रूप आलेली पंचायतींची गावेही धरलेली आहेत. वास्तविक शहर लहान असले तर सभा घेणे सोपे जाते. आमच्या प्रभागातील निम्मी कुटुंबे आली तरी शाळेच्या एका सभागृहात मावतील. राज्य विधानसभेला प्रभागसभेची तरतूद करण्यास घटनेची आडकाठी नाही आणि 1968 च्या गोवा नगरपालिका कायद्यात दुरुस्ती करणे तिच्याच हाती आहे.

तोवर कायद्याची वाट न पाहता करण्याजोगी दोन कामे आहेत. प्रत्येक नगरसेवकाने दर तीन महिन्यांनी एका रविवारी प्रभागाची खुली बैठक घ्यावी, मुख्याधिकाऱ्यांनी तिथे पालिकेचा अभियंता व स्वच्छता निरीक्षक पाठवावा आणि मागच्या बैठकीतील तक्रारींचे काय झाले ते आधी वाचून दाखवावे. दुसरे काम त्याहून सोपे आहे. कचरा न्यायला कामगार घरोघरी येतातच. शिबिराची तारीख, जागा आणि लागणारी कागदपत्रे लिहिलेली मराठी-कोकणी चिठ्ठी त्यांच्या हाती आठ दिवस आधी दिली, तर ती आजींच्या दारापर्यंत नक्की पोहोचेल.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक, उत्तर गोवा